मुलांचे अंथरूण

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाला कोणी ना कोणी बोलावेच लागते, आणि यंदा चिटणीसबाईंनी ती पाळी माझ्यावर आणली. विषय विचारला तेव्हा मी म्हटले, "मुलांचे अंथरूण." त्या क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहतच राहिल्या. 'स्त्रीजीवन', 'संस्कार', 'आजची पिढी' असे काहीतरी भारदस्त त्यांच्या मनात असावे. परंतु गेली दोन वर्षे आपल्या मंडळाने गोधड्यांचे जे काम चालवले आहे, त्याविषयी आपल्यातच थोडी कुजबुज आहे हे मला ठाऊक आहे. बाजारात बरे ब्लँकेट सहज मिळत असता या बायका जुनेरे कशाला शिवत बसतात, असे एका भगिनीने मला परवा तोंडावरच विचारले. तिला त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. ते आज देते.

मी डॉक्टर नव्हे. तीन मुले वाढवली, पाच नातवंडे मांडीवर झोपवली आणि वाचनाची थोडी आवड आहे, एवढेच माझे भांडवल. त्यातून जे हाती लागले ते सांगते. चुकले तर आपल्यात दोघी परिचारिका बसल्या आहेत, त्या सांभाळून घेतील.

मूल झोपत नाही ही तक्रार प्रत्येक घरी असते. आपण मुलाला दटावतो, बागुलबोवाची भीती घालतो, आणि हल्ली तर हातात मोबाईल देऊन मोकळ्या होतो. पण ज्यावर ते झोपायचे ते अंथरूण कसे आहे, हे पाहायला फारशी कोणी जात नाही. मोठ्या माणसाला अंथरूण म्हणजे पाठ टेकण्याची जागा. मुलाला ते तेवढेच नसते. दिवसभर आईच्या मागेपुढे असणारे मूल रात्री डोळे मिटले की एकटे पडते, आणि त्या एकटेपणात त्याच्या अंगाला जे लागते ते अंथरूणच असते. ते गार, बोचरे, ओलसर किंवा अनोळखी असेल तर मूल झोपेच्या दारातून परत फिरते.

झोप तरी किती हवी? अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांनी २०१६ साली वयवार आकडे दिले आहेत. चार महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाला दिवसरात्र मिळून १२ ते १६ तास, एक ते दोन वर्षांच्या मुलाला ११ ते १४, तीन ते पाच वर्षांच्याला १० ते १३, आणि सहा ते बारा वर्षांच्या शाळकरी मुलाला ९ ते १२ तास. आपल्या घरातील दुसरी-तिसरीतली मुले रात्री साडेअकराला निजतात आणि सहाला उठवली जातात. हिशेब ज्याचा त्याने करावा.

आता उबेची गोष्ट. आमच्या सासूबाई रात्री मुलांच्या तळपायांना तेल लावून काशाच्या वाटीने घासत. पाच मिनिटांत मूल डुलक्या घेऊ लागे. त्या म्हणत, "उष्णता उतरते." मला तेव्हा ते खुळ वाटे. पुढे वाचनात आले की १९९९ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील संशोधकांनी तरुण माणसांवर प्रयोग करून हेच दाखवले की, ज्यांचे हातपाय उबदार असतात त्यांना झोप लवकर लागते. कारण मोठे गमतीचे आहे. झोप येताना शरीराच्या आतली उष्णता किंचित उतरावी लागते, आणि ती हातापायांच्या कातडीवाटे बाहेर पडते. पाय गार पडले की तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णतेची ती वाट बंद होते. म्हणजे पाय गरम ठेवल्याने आतले शरीर निवते. सासूबाईंचे "उतरते" अगदी बरोबर होते, फक्त त्यांनी ते बाझेलला कळवले नव्हते! तेव्हा मुलाच्या अंथरुणाची ऊब पायांकडे हवी, तोंडाकडे नव्हे. आपण नेमके उलटे करतो. थंडी पडली की मुलाच्या नाकातोंडावर पांघरूण ओढतो आणि पाय खालून उघडे राहतात.

अगदी तान्ह्या बाळाचे प्रकरण मात्र वेगळे आहे. तिथे अंथरुणाचा प्रश्न झोपेचा राहत नाही, जिवाचा होतो. आणि ही गोष्ट जगाला कोणी दाखवली असेल, तर आपल्याच गडचिरोली जिल्ह्यातील अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या बायकांनी.

डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था काढली, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी जिल्ह्यातील ३९ गावांत नवजात बाळांना घरच्या घरी सांभाळण्याची पद्धत बसवली. १९९३ ते १९९५ या काळात त्या गावांत दर हजार जन्मांमागे ६२ बाळे पहिल्या २८ दिवसांतच जात होती. जन्मणाऱ्या दहा बाळांतली चारएक बाळे अडीच किलोपेक्षा कमी वजनाची असत. दवाखाना दूर, मध्ये नदीनाले. मग गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केले. काही बायका थोड्याच इयत्ता शिकलेल्या. त्या बाळाचे वजन करीत, ताप मोजत, श्वास मोजत, जंतुदोष झाला तर इंजेक्शनही देत. आणि बाळ गार पडू नये म्हणून टोपी, गुंडाळायचे ब्लँकेट आणि लहानखुऱ्या बाळांसाठी खास शिवलेली उबदार झोपेची पिशवी वापरीत. तिसऱ्या वर्षी तो ६२ चा आकडा २५ च्या आसपास आला. १९९९ साली 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय साप्ताहिकात हे प्रसिद्ध झाले. हे सारे यश त्या पिशवीचे, असे मी म्हणत नाही. जंतुदोषावरच्या औषधांचा वाटा त्यात फार मोठा होता. परंतु पिशवी त्यात होती, आणि ती शिवण्यास कारखाना लागत नाही, हे आपल्यासारख्या शिवणकाम करणाऱ्या मंडळाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पुढे २०११ साली देशभर आशाताईंमार्फत हीच पद्धत सुरू झाली. बाळ दवाखान्यात जन्मले तर ४२ दिवसांत सहा वेळा, घरी जन्मले तर सात वेळा आशाताई घरी येते. ती आली म्हणजे आपण तिला दारातच "सगळे ठीक आहे" म्हणून वाटेला लावतो. तसे करू नये. तिला बाळाचे अंथरूण दाखवावे.

बाळ गार आहे की नाही हे ओळखण्याची खूण अगदी सोपी आहे. आपल्या हाताच्या पाठीने आधी पोट पाहावे, मग तळपाय. दोन्ही उबदार, तर बाळ सुखात. पोट उबदार पण पाय गार, तर त्याला थंडी वाजते आहे. पोट आणि पाय दोन्ही गार, तर वेळ न घालवता छातीशी धरावे आणि दवाखाना गाठावा. काखेतले तापमान साडेछत्तीस ते साडेसदतीस अंश असावे. जन्मल्याबरोबर बाळाला आंघोळ घालण्याची घाई करू नये, निदान एक दिवस तरी थांबावे. आणि सर्वांत उत्तम अंथरूण कोणते म्हणाल, तर आईची छाती. कोलंबिया देशातील बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास काचेच्या पेट्या पुरेनात, तेव्हा डॉ. रे यांनी कमी दिवसांची बाळे आयांच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्यास सुरुवात केली. आज सारे जग तसे करते. आपल्याकडील माडिया बाई लुगड्याच्या झोळीत लेकरू अंगाशी बांधून रानात जाते. तिला आपण मागासलेली म्हणतो!

इथे मात्र आपल्या काही जुन्या चालींविरुद्ध मला बोलावे लागणार आहे. वडीलधाऱ्या बायकांनी रागावू नये. डोक्याला आकार यावा म्हणून मोहरीची उशी करण्याची आपल्याकडे फार हौस. मी स्वतः तिन्ही मुलांना केली होती. पण आज डॉक्टर सांगतात की वर्षाच्या आतल्या बाळाला उशी नको, जाड मऊ गादी नको, तोंडाशी सुटे पांघरूण नको. बाळ उताणे निजवावे, अंथरूण सपाट आणि घट्ट असावे. मऊपणात बाळाचे नाक बुडते आणि त्याला मान काढून घेता येत नाही. परदेशांत १९९० नंतर बाळांना उताणे निजवण्याचा प्रचार झाला आणि झोपेत दगावणाऱ्या बाळांची संख्या खूप उतरली. म्हणजे तान्ह्या बाळाला ऊब हवी, पण मऊमऊ ढीग नको. ऊब द्यायची ती अंगात घातलेल्या कपड्यांनी, टोपड्याने, बसत्या दुपट्याने. मऊ उशी दोन वर्षांनंतर द्यावी, आणि मग खुशाल आपल्या काटेसावरीच्या कापसाची द्यावी. फाल्गुनात लाल फुलांनी पेटलेली सावर वैशाखात बोंडे फोडून अंगणभर कापूस उडवते. तो सुताला चालत नाही, फार निसरडा. पण उशीला त्याच्यासारखा हलका कापूस नाही. एकच काळजी घ्यावी. तो चटकन पेट घेतो, दिव्या-उदबत्तीजवळ ती उशी नको.

पेटण्याचा विषय निघाला म्हणून माझी स्वतःची एक चूक सांगते. ती मी फार वर्षे कोणाला सांगितली नव्हती.

लग्नानंतर आम्ही कोळसा खाणीजवळच्या दोन खोल्यांत राहत होतो. पौष महिना. आपल्याकडे थंडी चार दिवसांचीच, पण पडते तेव्हा पारा १० अंशांच्या खाली जातो. थोरला आठ महिन्यांचा होता, खोकत होता. खोली उबदार करावी म्हणून मी कोळशाची शेगडी चांगली फुलवून, धूर गेल्यावर आत आणून ठेवली आणि दारेखिडक्या लावून घेतल्या. फटीत चिंध्यासुद्धा खोचल्या. मूल लगेच झोपले. मला वाटले, काय छान निजले! पहाटे आमच्या आत्याबाई पाणी भरायला उठल्या, त्यांना माझे डोके गच्च धरून कण्हणे ऐकू आले. त्यांनी दार ढकलले आणि शेगडी उचलून अंगणात फेकली. मूल हलवून उठेना. मोकळ्या हवेत नेल्यावर काही वेळाने रडले. ते रडणे मला अजून ऐकू येते. कोळशाच्या निखाऱ्यांतून जो विषारी वायू निघतो त्याला वास नसतो, धूर नसतो. त्यातली झोप खरी झोप नसते. आपल्या गावात कोळसा मुबलक आहे, वीज जाते, आणि अजूनही थंडीत अशा शेगड्या आत जातात. भगिनींनो, खोली गरम करायची नाही, अंथरूण गरम करायचे. निजण्यापूर्वी गरम पाण्याची रबरी पिशवी किंवा फडक्यात गुंडाळलेली बाटली अंथरुणात पायाकडे ठेवावी आणि मूल निजवताना काढून घ्यावी. बस्स.

उन्हाळ्यावर मी फार बोलत नाही. चंद्रपूरचा वैशाख काय असतो हे या सभागृहात कोणाला सांगायचे! पारा ४७ अंशांपर्यंत जातो, रात्री भिंती उष्णता ओकतात. त्या दिवसांत सुखाचे अंथरूण म्हणजे सुंभाची बाज. खालूनही वारा लागतो, गादीसारखी ती तापून राहत नाही. वर एक धुतलेले मऊ लुगडे पुरे. मुलाला निजण्यापूर्वी कोमट पाण्याने आंघोळ घालावी, अगदी गार पाण्याने नव्हे. कूलरचा झोत थेट अंगावर घेऊ नये. पूर्वी आपण सगळे अंगणात बाजा टाकून चांदण्या मोजत झोपत होतो. आता ताडोब्याच्या आजूबाजूच्या खेड्यांत वाघ-बिबट्याच्या भीतीने तेही सुख उरले नाही. आणखी एक आपल्या शहराचे दुखणे म्हणजे धूळ. दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर संध्याकाळी बोट फिरवून पाहा, काळे होते. मुलांची अंथरुणे उन्हात द्यावीत, पण सकाळच्या उन्हात. काढताना झटकावीत आणि दुपारनंतर बाहेर ठेवू नयेत. खोकणारी मुले पुष्कळदा अंथरुणातली धूळ खात असतात.

पावसाळा मात्र सोडून चालणार नाही. गडचिरोलीचा हिवताप प्रसिद्ध आहे. तो डासांमुळे होतो हे सर रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली इथून जवळच सिकंदराबादेत शोधून काढले. हा डास रात्री चावतो, म्हणजे मुलाच्या झोपेतच चावतो. सरकार औषध लावलेल्या मच्छरदाण्या वाटते. त्या पुष्कळ घरांत पेटीत घडी करून ठेवलेल्या, नाहीतर मासे पकडायला लावलेल्या मी पाहिल्या आहेत. मच्छरदाणी नुसती टांगून उपयोग नाही. तिच्या कडा चारी बाजूंनी अंथरुणाखाली खोचल्या पाहिजेत.

या खोचण्याचा दुसरा एक फायदा आहे, आणि तो डासापेक्षा मोठा आहे. मण्यार साप रात्री घरात शिरतो आणि जमिनीवर निजलेल्या माणसाच्या उबेला येतो, अंगाखाली आला तर चावतो. त्याचा चावा दुखत नाही, सुजत नाही, पुष्कळदा दिसतही नाही. मूल पहाटे "पोट दुखते" म्हणून उठते आणि आपण ओवा देतो. मग पापण्या जड होतात, बोलणे अडखळते. भगिनींनो, पावसाळ्यात जमिनीवर निजलेले मूल पहाटे पोटदुखीने उठले आणि त्याच्या पापण्या झुकू लागल्या, तर ओवा नको, मांत्रिक नको. १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीने रुग्णालय गाठा. २००७ साली नेपाळच्या तराईतील पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात मच्छरदाणीत निजणाऱ्यांना साप चावण्याचे प्रमाण पुष्कळच कमी आढळले. खाट असेल तर खाटेवर निजवावे. नसेल तर मच्छरदाणी खोचावी. दोन्ही झाले तर उत्तमच.

आता ज्या गोधड्यांवरून हे सारे निघाले, तिकडे वळते.

दोन वर्षांपूर्वी आपल्या मंडळातर्फे आपण जंगलभागातील एका आश्रमशाळेत गेलो होतो, आठवत असेल. मी गावाचे नाव घेत नाही. मुलींच्या वसतिगृहासाठी आपण वर्गणी काढून नवी कोरी ब्लँकेटे नेली होती. हारतुरे झाले, फोटो झाले. तीन महिन्यांनी मी काही कामासाठी पुन्हा तिकडे गेले, तेव्हा रात्रीचा मुक्काम पडला. श्रावण होता, नाल्याला पूर आल्याने रस्ता बंद झाला होता. तिकडे हे नेहमीचेच आहे. पर्लकोटेला पूर आला की भामरागड जगापासून तुटते. मुलींच्या खोलीशेजारीच मला निजायला दिले होते.

रात्री दहाच्या सुमाराला रडण्याचा आवाज आला. मोठ्याने नव्हे, पांघरुणात तोंड घालून रडावे तसा. एक थांबे, दुसरी सुरू होई. मी उठून गेले. अधीक्षिकाबाई दिवसभर शंभर कामांनी दमलेल्या. त्या म्हणाल्या, "पहिलीच्या मुली आहेत. जूनपासून असेच. दिवाळीपर्यंत सरावतात." त्या वाईट नव्हत्या हो. शंभराच्या वर मुलींना एक बाई पुरणार तरी किती? मुली जमिनीवर पातळ सतरंजीवर निजल्या होत्या. आणि आपली ब्लँकेटे? ती घड्या करून, प्रत्येकीने आपापल्या पत्र्याच्या पेटीत ठेवली होती. नवी वस्तू मळेल म्हणून. दिवाळीला घरी न्यायची म्हणून.

एक मुलगी, सहा वर्षांची असेल, जागी होती. तिच्या मुठीत एक चिंधी होती, विटलेल्या हिरव्या लुगड्याची. मी विचारले, "हे काय गं?" ती बोलेना. तिला मराठी धड येत नव्हती, घरी माडिया बोली. शेजारच्या मोठ्या मुलीने सांगितले, "तिच्या मायचं लुगडं आहे जी. वास येते म्हणते."

मी त्या रात्री झोपले नाही.

डोनाल्ड विनिकॉट नावाचे इंग्लंडात एक मोठे बालरोगतज्ज्ञ आणि मनोवैद्य होऊन गेले. त्यांनी १९५१ साली एका निबंधात मांडले की, लहान मूल आईपासून वेगळे होण्यास शिकताना एखादी मऊ वस्तू धरून ठेवते, पांघरुणाचा कोपरा, चिंधी, बाहुली. ती वस्तू त्याला आई आणि जग यांच्यामधला पूल असते. ती धुऊसुद्धा नये, कारण वास गेला की पूल मोडतो. वासाचे म्हणाल, तर इंग्लंडमध्येच १९७५ साली असे दिसून आले की, सहा दिवसांचे बाळदेखील आपल्या आईच्या अंगावरील कापड वासाने ओळखून तिकडे मान वळवते. आणि आपण त्या सहा वर्षांच्या पोरीला कारखान्याच्या वासाचे ब्लँकेट देऊन आलो होतो, आणि फोटो काढून आलो होतो!

तेव्हा ठरले की गोधड्या शिवायच्या, आणि त्या मुलींच्या घरच्या लुगड्यांच्या शिवायच्या. आठवडी बाजारात आया भेटतील, त्यांच्याकडून एकेक जुने लुगडे मागून घ्यावे असे मी सुचवले. सुचवणे सोपे होते. पहिल्या बाजाराला तीस आयांना निरोप गेला आणि सात लुगडी आली. मी मनात थोडी रागावले. मग आशाताईने मला बाजूला घेऊन सांगितले, "काकू, जुने लुगडे म्हणजे काय? त्यांच्याजवळ दोनच असतात. एक अंगावर, एक वाळत." ज्यांच्या कपाटात शंभर साड्या, त्यांनी दोन लुगड्यांवालीकडे एक मागितले! मला इतकी शरम वाटली की काय सांगू.

मग रीत बदलली. आपण आपल्या घरची सुती जुनेरे गोळा केली, तीच गोधडीच्या पोटात गेली. मुलीच्या आईकडून फक्त हातभर तुकडा मागितला, फाटलेला पदर, काठ, चोळीचे कापड, काहीही. तो गोधडीच्या वरच्या बाजूला, जिथे मुलीचे गाल टेकतात तिथे लावला. तो तुकडा आम्ही धुतला नाही. काही भगिनींनी नाके मुरडली, पण मी ऐकले नाही. एका मुलीला आई नव्हती. तिच्या आजीने आपल्या डोक्याचे फडके दिले. ते फडके मी स्वतः लावले.

पहिल्या वर्षी आमच्या हातून दोन चुका झाल्या. एक म्हणजे गोधड्या फार जाड केल्या. नव्या जागी आलेल्या लहान मुली रात्री अंथरूण ओले करतात. त्यात त्यांचा काही दोष नाही, त्यांना लाजवू नये. पण पावसात जाड गोधडी आठ-आठ दिवस वाळत नाही, कुबट होते, आणि मग तिचा वास आईचा राहत नाही. आता आपण एका जाडीऐवजी दोन पातळ गोधड्या देतो, चार पदरी. एक ओली झाली तर दुसरी असते, थंडीत दोन्ही एकावर एक घ्याव्यात. खाली मेणकापडाचा तुकडा देतो. दुसरी चूक अशी की जड गोधडीने मूल शांत झोपते असे कोणीतरी वाचून आले होते, म्हणून काही गोधड्या मुद्दाम जड केल्या. हा प्रयोग इंग्लंडात झालेला आहे, त्याचा निकाल २०१४ साली प्रसिद्ध झाला. स्वमग्न मुलांना वजनदार पांघरुणे दिली. मुलांना ती आवडली, आईबापांनाही आवडली, पण झोप काही वाढली नाही. आमचाही अनुभव तसाच. लहान मुलींना ती गोधडी स्वतः उचलून वाळत घालता येईना, एवढेच निष्पन्न झाले.

आता आपण विचाराल, रडणे थांबले का? पूर्ण नाही. सहा वर्षांच्या मुलीला आईपासून दूर ठेवल्यावर ती रडणारच, गोधडी म्हणजे काही आई नव्हे. मात्र मागील वर्षी मी पुन्हा श्रावणात मुक्काम केला, तेव्हा एकही गोधडी पेटीत नव्हती. हिरव्या चिंधीची ती मुलगी दुसरीत गेली आहे. ती पहिलीतल्या एका नव्या पोरीला मच्छरदाणी खोचून देत होती आणि मराठीत दटावत होती, "पाय आत घे, पाय आत घे."

या वर्षी आपल्याला ४० मुलींच्या, म्हणजे ८० गोधड्या करायच्या आहेत. जुनेरे सुतीच आणावीत. नायलॉनची, जरीची, टिकल्यांची नकोत. घाम टिपत नाहीत, टोचतात, आणि शेकोटीची ठिणगी पडली तर अंगाला चिकटतात. बटणे, हूक काढून आणावेत. धावदोरा बोटाच्या पेरापेक्षा लांब नको, मुलांच्या पायांची बोटे त्यात अडकतात. दोऱ्याच्या गाठी आतल्या पदरात घ्याव्यात, काही मुली झोपेत गाठी चघळतात. दर मंगळवारी दुपारी दोन वाजता मंडळाच्या खोलीत बसतो. मोठ्या डोळ्याच्या सुया कोषाध्यक्षबाईंनी आणून ठेवल्या आहेत, चष्मा मात्र प्रत्येकीने आपला आणावा. ज्यांना शिवता येत नाही त्यांनी बुधवारच्या बाजारात तुकडे आणायला माझ्याबरोबर यावे. एस.टी. सकाळी सव्वासहाला आहे.